विजेचा खुळखुळा: सरळ रेषेत चालणारं विद्युतयंत्र घरी बनवण्याची पूर्ण कृती

हा खुळखुळा म्हणजे तार गुंडाळलेली प्लॅस्टिकची नळी: आत चुंबक पुढे-मागे हलवलं की तारेत वीज तयार होते. पाईपभर तार गुंडाळली की जास्त वीज मिळेल, असं कुणालाही वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं. मुलांच्या सुट्टीतल्या विज्ञानवर्गासाठी पहिली नळी बनवली तेव्हा पंधरा सेंटिमीटरच्या पाईपवर या टोकापासून त्या टोकापर्यंत मी अडीच हजार वेढे चढवले. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. चुंबक आत सोडलं, नळी जोरजोरात हलवली, आणि एलईडी नुसता मिणमिणला. मग तीच तार उकलली, तिच्यातले फक्त हजार वेढे अडीच सेंटिमीटरच्या अरुंद पट्ट्यात बसवले, आणि त्याच चुंबकावर तोच एलईडी लख्ख पेटला.

त्या दिवसापासून या यंत्राबद्दल कुणी विचारलं की मी आधी हेच सांगतो: तार किती आहे यापेक्षा ती कुठे आहे, हे महत्त्वाचं. कॉइलची, म्हणजे गुंडाळलेल्या तारेच्या पट्ट्याची, रुंदी चुंबकाच्या लांबीइतकी किंवा किंचित कमी हवी. पुढची सगळी कृती या एका मापाभोवती फिरते.

घरातली बहुतेक विजेची यंत्रं गोल फिरतात: पंखा, मिक्सर, पाण्याचा पंप. पण सरळ रेषेत हलणारीही आहेतच. स्पीकरची कॉइल चुंबकाच्या खाचेत पुढे-मागे होते. वॉशिंग मशीनमध्ये पाणी सोडणारा व्हॉल्व्ह कॉइलमध्ये ओढल्या जाणाऱ्या लोखंडी दांडीमुळे उघडतो. आपण जे बनवणार आहोत ते याच कुळातलं, आणि त्याचं मूळ फार जुनं आहे. १७ ऑक्टोबर १८३१ रोजी मायकेल फॅरडेने कागदाच्या पोकळ नळकांड्यावर तांब्याची तार गुंडाळली, त्यात दंडचुंबक झटकन आत ढकललं, आणि गॅल्व्हानोमीटरची, म्हणजे प्रवाह दाखवणाऱ्या मापकाची, सुई हलली. बाहेर काढलं तेव्हा ती उलट्या दिशेला हलली. चुंबक सरळ रेषेतच जात-येत होतं.

सामान

पाईप म्हणून वायरिंगचा २० मिलिमीटर पीव्हीसी कंड्युट घ्या. बाहेरून तो २० मिलिमीटर असतो, आतून साधारण १७ भरतो. कंपनीप्रमाणे आतलं माप थोडं बदलतं, म्हणून दुकानात व्हर्निअर किंवा निदान पट्टी घेऊन जा. १२० मिलिमीटरचा तुकडा कापा आणि कापलेल्या कडा आतून पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा पाईप वापरू नका. हलणाऱ्या चुंबकामुळे त्या पाईपातच प्रवाह फिरू लागतात आणि ते चुंबकाला अडवतात. तुमची निम्मी मेहनत पाईप गरम करण्यात जाईल.

चुंबक निओडिमियमचंच हवं. १५ मिलिमीटर व्यासाच्या, १० मिलिमीटर जाडीच्या तीन चकत्या एकावर एक लावल्या की ३० मिलिमीटर लांबीचं, साधारण ४० ग्रॅमचं दंडचुंबक तयार होतं. पाईपात ते सैल सरकलं पाहिजे, पण खडखडायला नको. सगळीकडून मिळून दीड-दोन मिलिमीटर मोकळीक पुरे.

तार ३४ गेजची. हिच्यावर वीज अडवणारा पातळ एनॅमलचा थर असतो, म्हणून हिला कुणी एनॅमल तार म्हणतं, कुणी वाइंडिंग वायर. मोटर रिवाइंडिंग करणाऱ्याकडे ती वजनावर मिळते. आपल्याला तीसेक ग्रॅम लागेल, पन्नास घ्या. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते, हे लक्षात ठेवा. ३४ गेज साधारण ०.२३ मिलिमीटर जाड असते. ३६ घेतली तर वेढे जास्त बसतात, पण नवशिक्या हाताला ती दर पाच मिनिटांनी तुटते.

बाकी सुटे भाग: १एन५८१७ हे चार डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे), वीज साठवायला ५.५ व्होल्टचा ०.१ फॅराड सुपरकपॅसिटर, व्होल्टेज हद्दीत ठेवायला ५.१ व्होल्ट १ वॅटचा झेनर डायोड, २२० ओहमचा रेझिस्टर, एक छोटा स्विच, एक पांढरा एलईडी आणि चाचणीसाठी एक लाल, एक हिरवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हे सगळं एका फेरीत मिळतं. दोन्ही टोकांना बसवायला जुन्या हवाई चपलेचं रबर लागेल. विकतच्या कुठल्याही बुचापेक्षा ते चांगलं चालतं.

चुंबकाबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो. निओडिमियमच्या दोन चकत्या एकमेकींकडे इतक्या जोरात झेपावतात की मधे बोट आलं तर कातडी चिमटून रक्त निघतं, आणि चकत्या आपटून त्यांचे टवकेही उडतात. त्या समोरासमोर आणू नका, बाजूने सरकवत चिकटवा. लहान मुलं आसपास असतील तर सुट्या चकत्या मोजून डब्यात ठेवा. दोन चुंबकं पोटात गेली तर आतड्याच्या दोन घड्या मधे धरून ती एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडतं. हा जिवावरचा धोका आहे. पेसमेकर बसवलेल्या माणसाच्या जवळ तर हे चुंबक नेऊच नका.

माप असंच का?

कॉइलमध्ये वीज तयार होते ती चुंबकामुळे नाही, चुंबकीय बलरेषांची संख्या बदलल्यामुळे. चुंबक आत शिरताना कॉइलमधून जाणाऱ्या बलरेषा वाढतात, बाहेर पडताना कमी होतात. शिरताना एका दिशेचा झटका, निघताना उलट दिशेचा.

आता पाईपभर कॉइल असेल तर काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. चुंबक पूर्णपणे आत आहे. ते सरकलं की पुढच्या टोकाशी नव्या वेढ्यांत बलरेषा वाढतात, आणि तेवढ्याच मागच्या टोकाशी कमी होतात. दोन्ही झटके एकमेकांना खातात. मीटरवर शून्य. शिवाय उरलेल्या सगळ्या तारेचा रोध फुकटचा डोक्यावर बसतो. माझ्या पहिल्या नळीत नेमकं हेच झालं होतं.

अंदाजाचं गणित करून बघू. आपल्या चुंबकाच्या मधोमध कॉइल असताना प्रत्येक वेढ्यातून सरासरी सुमारे ०.०००१५ वेबर फ्लक्स (बलरेषांचं एकूण माप) जातो असं धरा. हजार वेढ्यांचा मिळून ०.१५. हात जोरात हलवला की चुंबकाचा वेग सेकंदाला मीटरभर होतो, म्हणजे ३० मिलिमीटर अंतर कापायला त्याला ०.०३ सेकंद लागतात. ०.१५ भागिले ०.०३ म्हणजे ५ व्होल्ट. पांढऱ्या एलईडीला ३ व्होल्टच्या आसपास लागतात, डायोडमध्ये अर्धा-पाऊण व्होल्ट जातो. पुरतं, पण उधळण्याइतकं नाही. पाचशे वेढ्यांत काम होणार नाही हेही यातूनच दिसतं. वेग निम्मा केला तर व्होल्टेजही निम्मं होतं.

कॉइल गुंडाळणं

पाईपच्या मधोमध पेनाने २५ मिलिमीटरचा पट्टा आखा. पट्ट्याच्या दोन्ही कडांना ३० मिलिमीटर व्यासाच्या जाड पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या चकत्या घट्ट बसवून फेव्हिक्विकने चिकटवा. या भिंती नीट काटकोनात नसल्या तर कडेचे वेढे घसरतात आणि सगळा थर ढासळतो. एका चकतीला आतल्या बाजूला बारीक भोक पाडा, तारेचं पहिलं टोक त्यातून पंधरा सेंटिमीटर बाहेर काढा आणि त्यावर स्लीव्ह चढवा. सगळ्यात आधी तुटतं ते हेच टोक, आणि ते कॉइलच्या तळाशी असल्यामुळे मुळाशी तुटलं तर अख्खी कॉइल उकलावी लागते.

पाईपात घट्ट बसेल असा लाकडी दांडा घालून त्याचं टोक हाताने फिरवायच्या ड्रिलमध्ये धरा. ड्रिल टेबलाला क्लॅम्पने पक्कं करा. हँडलच्या एका फेऱ्यात दांडा धरणारं चक किती वेळा फिरतं ते आधी मोजून घ्या. समजा चार वेळा फिरलं, तर हँडलचे २५ फेरे म्हणजे शंभर वेढे. दर शंभराला कागदावर रेघ मारा. मनात मोजत बसू नका, कुणीतरी हाक मारतंच.

तार सुती फडक्याच्या घडीतून सोडा. ताण इतकाच की तार सरळ बसेल, पण बोटाला काचणार नाही. पहिला थर जीव लावून घाला. वेढ्याला वेढा चिकटलेला, मधे फट नाही, एकावर एक चढलेला नाही. तारेवर उजेड पाडून तिरकं पाहिलं की चुकलेला वेढा चटकन दिसतो, कारण तिथे चकाकीची रेघ मोडते. एका थरात नव्वदेक वेढे बसतात. प्रत्येक थरावर पारदर्शक टेपचा एक फेरा द्या आणि उलट्या बाजूने परत या. फिरवण्याची दिशा बदलायची नाही, फक्त तार डावीकडून उजवीकडे जात होती ती आता उजवीकडून डावीकडे जाईल. पाच-सहा थरांनंतर ओळ थोडी बिघडतेच, तिचं मनाला लावून घेऊ नका. अकरा थरांत हजार वेढे होतात आणि कॉइल जेमतेम तीन मिलिमीटर उंच होते.

मधेच तार तुटली तर सुरुवातीपासून करायची गरज नाही. दोन्ही टोकं खरवडा, पिळा, झाळून घ्या, वर टेपचा छोटा तुकडा लावा आणि पुढे चला.

शेवटी वार्निश किंवा साधं नेलपॉलिश लावून रात्रभर वाळू द्या. दोन्ही टोकांवरचं एनॅमल ब्लेडने किंवा पॉलिश पेपरने गोल फिरवत काढा. तांब्याचा लालसर गुलाबी रंग चहूबाजूंनी दिसायला हवा. एनॅमल उरलं की झाळण वरवर बसल्यासारखं वाटतं, पण आत जोड होतच नाही. बिघडलेल्या म्हणून माझ्याकडे आणलेल्या नळ्यांमधल्या बहुतेक फक्त याच कारणाने बंद असतात. आता मल्टिमीटरवर रोध मोजा. २५ ते ३२ ओहम आला तर काम फत्ते. काहीच दाखवत नसेल तर पुन्हा खरवडा. फारच कमी आला तर वेढे कमी पडलेत किंवा आतले थर कुठेतरी एकमेकांना टेकलेत.

लाल-हिरवी चाचणी

या कृतीतला माझा सगळ्यात आवडता टप्पा हा. बाकी काही जोडण्याआधी कॉइलच्या दोन टोकांना लाल आणि हिरवा एलईडी एकमेकांना उलटे, समांतर जोडा. चुंबक नळीत सोडा, दोन्ही टोकं अंगठ्याने बंद करा, खोलीत अंधार करा आणि नळी एकदाच झटका देऊन हलवा.

आधी लाल लुकलुकेल, लगेच हिरवा. किंवा आधी हिरवा, मग लाल. आता नळी उलट दिशेला झटका. क्रम तोच राहतो. मुलं इथे हमखास बुचकळ्यात पडतात, कारण दिशा बदलली तर रंगही बदलायला हवा असं त्यांना वाटतं. पण कॉइलला चुंबक डावीकडून आलं की उजवीकडून याच्याशी देणंघेणं नाही. आत शिरलं म्हणजे बलरेषा वाढल्या, एवढंच तिला कळतं. शिरण्याचा रंग एक, निघण्याचा दुसरा. चुंबक बाहेर काढून त्याची टोकं उलटी करून आत घाला, तेव्हाच रंगांची अदलाबदल होते.

चुंबक पेन्सिलीने हळूहळू ढकललंत तर काहीच पेटणार नाही. बलरेषा तेवढ्याच बदलतात, पण सावकाश. वेगाचं महत्त्व इथे हाताला कळतं.

जमलं तर लांब कॉइलची एक नळीही बनवून ठेवा, नाहीतर कुणाची बिघडलेली मागून घ्या. तिच्यात लाल आणि हिरव्याच्या मधे चक्क काळोखी जागा दिसते. चुंबक आत धावतंय, पण दिवे बंद.

दिवा टिकवणं

कॉइलमधून येणारी वीज उलटसुलट झटक्यांची. ती एका दिशेला वळवायला चार डायोडांचा ब्रिज बांधा, म्हणजे झटका कुठल्याही दिशेचा असो, प्रवाह एकाच दिशेने बाहेर काढणारी जोडणी. ब्रिजमध्ये प्रवाह एका वेळी दोन डायोडांतून जातो. नेहमीचे १एन४००७ चालतात, पण त्यांच्या जोडीत मिळून सव्वा ते दीड व्होल्ट जातो. पाचातले दीड गेले तर काय उरलं? म्हणून १एन५८१७. ते शॉट्की जातीचे असल्याने दोघांत मिळून अर्ध्या व्होल्टच्या आसपासच घेतात.

ब्रिजच्या दोन्ही बाहेरच्या टोकांवर सुपरकपॅसिटर, अधिक-उणे सांभाळून. त्याला समांतर झेनर, पट्टीची बाजू अधिककडे. कुणी दांडगा मुलगा नळी फार जोरात हलवेल तेव्हा व्होल्टेज ५.५ च्या वर जाऊन कपॅसिटर खराब होऊ नये म्हणून हा पहारेकरी. मग स्विच, २२० ओहम आणि पांढरा एलईडी, एकामागे एक.

स्विच बंद ठेवून मिनिटभर नळी हलवा आणि मग दिवा लावा. पाच व्होल्टपर्यंत भरलेल्या ०.१ फॅराडच्या कपॅसिटरमध्ये सव्वा ज्यूल ऊर्जा असते. एलईडीला उपयोगी पडेल असा त्यातला भाग काढला तरी मिनिटभर उजेड मिळतो, शेवटी शेवटी मंद होत जाणारा. अंधाऱ्या जिन्यात किल्ली शोधायला तेवढा पुरतो.

व्होल्टेज मोजायचं तर ते कपॅसिटरवर डीसीमध्ये मोजा. कॉइलवर थेट एसीमध्ये मोजलं तर साधा मल्टिमीटर गोंधळतो. त्याला पन्नास हर्ट्झच्या सलग लाटेची सवय असते, आपले झटके तुटक असतात.

आता टोकांची बुचं. चपलेच्या रबराच्या पाच मिलिमीटर जाड चकत्या कापून दोन्ही टोकांना आतून बसवा. चुंबकाला धावायला ८० मिलिमीटर मिळतात, म्हणजे दोन्ही बाजूंना ते कॉइलच्या पूर्ण बाहेर जातं. नळी आखूड कापली आणि चुंबक अर्धवटच बाहेर येऊ लागलं तर बलरेषांचा बदल अर्धा राहतो. पाईपजवळ खिळा, स्क्रू, लोखंडी पट्टी यातलं काहीही लावू नका. चुंबक तिथेच जाऊन चिकटून बसतं.

आणखी वीज हवी असेल तर शेजारी तशीच दुसरी कॉइल घाला, मध्यापासून मध्य ३० मिलिमीटरवर, आणि नळी १५० मिलिमीटरची करा. चुंबक पहिलीतून निघतं तेव्हाच दुसरीत शिरत असतं, म्हणून दोघी एकमेकींना उलट्या जोडाव्या लागतात. सुलट्या जोडल्या तर मधला झटका नाहीसा होतो. लाल-हिरवे एलईडी लावून पाहिलं की लगेच कळतं.

मोठ्या यंत्रांतही हेच करतात. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर लिसेकिलजवळ उप्साला विद्यापीठाने २००६ पासून समुद्रतळाशी असे जनित्र बसवले. वर पाण्यावर तरंगता बोया, दोराने खाली जोडलेला, लाटेबरोबर चुंबकांचा दांडा वर-खाली. लाटेची चाल संथ असते, म्हणून तिथे एका चुंबकाऐवजी उत्तर-दक्षिण टोकांच्या रांगा लावतात, म्हणजे थोड्याशा हालचालीतही बलरेषा पुनःपुन्हा बदलत राहतात.

हेच यंत्र उलटं चालवणं

एलईडी आणि ब्रिज सोडवून ठेवा. कॉइलची दोन टोकं मोकळी करा. तीन पेन्सिल सेल एकामागे एक जोडून साडेचार व्होल्ट तयार ठेवा. नळी आडवी धरा, चुंबकाचं एक टोक कॉइलच्या तोंडाशी आणा आणि सेल टेकवा. चुंबक एकतर आत ओढलं जाईल किंवा बाहेर फेकलं जाईल. तारा उलट्या केल्या की उलट होईल. साधारण ०.१५ अँपिअर प्रवाह वाहतो आणि चुंबकावर पाऊण न्यूटनच्या आसपास जोर पडतो, म्हणजे ७५ ग्रॅम वजन उचलण्याइतका. आपलं चुंबक ४० ग्रॅमचं. म्हणून पुढचा प्रयोग जमतो: ओढणाऱ्या दिशेने प्रवाह चालू ठेवून चुंबक कॉइलच्या मध्यात येऊ द्या, आणि नळी हळूहळू उभी करा. चुंबक पडत नाही. कॉइलच्या मध्यापासून किंचित खाली, कशावरही न टेकता ते लोंबकळत राहतं. तार काढली की धपकन खाली. दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त वेळ प्रवाह सोडू नका, कॉइल तापते.

अशा यंत्राने माणसं वाहून न्यावीत हे स्वप्न एरिक लेथवेट या ब्रिटिश अभियंत्याने आयुष्यभर जोपासलं. त्याची सुरुवात कापड विणायच्या मागात झाली. इंग्लंडमधलं लँकशायर हा कापड गिरण्यांचा मुलूख. आडवा धागा नेणारा मागातला धोटा लाकडी दांड्याच्या फटक्याने या टोकाहून त्या टोकाला जातो, तो फटक्याऐवजी विजेने सरळ ढकलता येईल का, हा त्याचा १९४० च्या दशकातला प्रश्न होता. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीत ज्यांनी धोट्याच्या यंत्रमागाची खडखड दिवसरात्र ऐकली आहे त्यांना तो प्रश्न किती खरा आहे हे सांगावं लागणार नाही. पुढे त्याचं काम गाड्यांकडे वळलं. गोल मोटर एका बाजूने चिरून सपाट पसरली की तिचं फिरणारं चुंबकीय क्षेत्र सरळ धावू लागतं. ते रुळाइतकं लांबवलं की चुंबकीय गाडी. शांघायची गाडी २००४ पासून प्रवासी नेऊ लागली, ३० किलोमीटरच्या मार्गावर, तेव्हा ताशी ४३० किलोमीटर वेगापर्यंत. तिच्या मोटरची तार गाडीत नाही, वाटेत अंथरलेली आहे. २०१५ च्या एप्रिलमध्ये जपानच्या यामानाशी चाचणी मार्गावर एल-शून्य गाडीने ताशी ६०३ किलोमीटर गाठले.

दोन नळ्या तयार झाल्या की हा प्रयोग करून बघाच. दोन्हींच्या फक्त कॉइल एकमेकींना जोडा, मधे दहा मीटर साधी दोन पदरी तार. दुसऱ्या खोलीत कुणाला तरी एक नळी टेबलावर आडवी ठेवायला सांगा, चुंबकाचं टोक कॉइलच्या कडेशी. इकडे तुम्ही तुमची नळी झटक्याने हलवा. तिकडचं चुंबक टुणकन उडी मारतं. तुम्ही थांबलात की तेही थांबतं. आता त्याला सांगा की तुझी कॉइल सोडव आणि तारेची तुझ्याकडची दोन टोकं एकमेकांना टेकवून धर, आणि इकडे पुन्हा हलवा. चुंबक कॉइलमधून जाताना मधातून गेल्यासारखं जड लागतं. टोकं सोडली की मोकळं. वर्गातली मुलं हे टेकवणं-सोडणं किती वेळ करत बसतात, त्याला हिशेब नाही.